भर ग्रामसभेत घेतलेलं नाव

उंबरदरी गावात कोण कोणाच्या प्रेमात पडलं आहे, ही खबर हवी असेल तर एसटीच्या थांब्यावर थोडा वेळ उभं राहिलं तरी पुरतं. कोणाचा पोरगा चिखलीच्या कॉलेजात कोणाच्या मागे आहे, कोणाची पोरगी मोबाइलवर कोणाशी हसते, कोण पन्नाशीत केस काळे करून देऊळघाटला चकरा मारतो, सगळं तिथे साग्रसंगीत कळतं. पण वांगी आणि कोथिंबीर पिकवणारा शालिग्राम सोनुने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ज्या भानगडीत सापडला, तशी भानगड उंबरदरीत आजवर झाली नव्हती. तो स्वतःच्या बायकोच्या प्रेमात पडला. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, मुलगी बुलढाण्याला नर्सिंग शिकायला गेल्यावर आणि मिशीत पांढरे केस दिसायला लागल्यावर.

गावाला याचं काय करायचं ते कळेना. दुसऱ्याच्या बायकोवर जीव जडला असता तर गावाजवळ त्याची तयार पद्धत होती. आधी कुजबुज, मग भांडण, मग मारुतीच्या पारावर चार शहाण्यांची बैठक. पण स्वतःच्याच बायकोबद्दल बैठक कशी बोलवायची, आणि बोलावलीच तर समेट कोणाचा कोणाशी करायचा?

खरं सांगायचं तर आपल्याला कशी बाई आवडावी, हे शालिग्रामनं कधी ठरवलंच नव्हतं. ते त्याच्यासाठी गावानं ठरवलं होतं. गावात बैलजोडीची पारख जशी चारचौघांत होते, तशीच बाईचीही. पानठेल्यावर त्याचा मित्र भागवत आणि इतर मंडळी बसायची आणि निकाल द्यायची. बाई गोरी पाहिजे. चालताना मान खाली पाहिजे. बोलली तर शेजारच्यालाच ऐकू यावं, आणि शेजारच्यालाही नाही आलं तर अतिउत्तम. जातीबाहेरची पोरगी कितीही देखणी असली तरी तिला देखणी म्हणायचं नाही, एवढा कायदा तर डोळ्यांनाही पाठ झाला होता. तसली कोणी समोरून आली की डोळे आपोआप आभाळातले ढग मोजायला लागत. शालिग्राम या शाळेतला मन लावून शिकणारा विद्यार्थी. चिखलीच्या बियाण्याच्या दुकानात दरवर्षी एक कॅलेंडर मिळायचं. त्यावर दुधासारखी गोरी एक बाई हातात फुलकोबी घेऊन उभी असे. जन्मात तिनं शेताचा बांध ओलांडला नव्हता, हे तिच्या नखांवरूनही दिसत होतं. पण सगळ्यांना ती आवडायची म्हणून शालिग्रामलाही आवडायची.

पंचविसाव्या वर्षी मंडळी त्याला घेऊन देऊळगाव राजाला पोरगी पाहायला गेली. पोरीनं पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या. शालिग्रामच्या काकानं विचारलं, स्वयंपाक येतो का. पोरीनं मान वर केली, काकाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि येतो म्हणाली. बस, एवढंच. पण परतीच्या एसटीत चर्चा रंगली ती त्या वर केलेल्या मानेची. रंग सावळा, आणि त्यात मान वर; काकाच्या मते हा दुहेरी दोष होता. वडील तुळशीराम मात्र मधल्या वेळात मुलीच्या बापाच्या विहिरीत डोकावून आले होते. ज्या घरच्या विहिरीला चैत्रात पाणी, त्या घरची पोरगी वाईट निघत नाही, असा त्यांचा हिशेब. लग्न ठरलं. शालिग्रामला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं उत्तरासाठी काकाच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

सुचिता चांगली निघाली. वाफे बांधण्यात, वांगी तोडण्यात, सासूची पथ्यं सांभाळण्यात तिनं कुठे कमी ठेवली नाही. शालिग्रामही काही वाईट नवरा नव्हता. दारू नाही, मारहाण नाही, पगार नाही. नवराबायकोचा जो काही संसार असतो तोही यथास्थित झाला, पण तो कसा? पलीकडच्या खोलीतला आई जनकाबाईंचा खोकला थांबला की दिवा घालवून, घाईघाईनं, मोटारीला वीज आहे तोवर पाणी देऊन घ्यावं तसा. त्यात छकुली झाली, तिचं शिक्षण झालं. शालिग्रामची आपली पक्की समजूत होती की आपल्या वाट्याला दुसऱ्या नंबरची बायको आली. पहिल्या नंबरची कॅलेंडरवर फुलकोबी धरून राहिली. याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. गावात सगळ्यांचंच तसं होतं.

मग राजकारण आलं. तालुक्याच्या गावी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली. पहिलीतल्या एका चिमुरडीनं बरणीत हात घालून चिठ्ठी काढली आणि उंबरदरीचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. पानठेल्यावर सुतकी शांतता पसरली. भागवतनं ती मोडली. तो म्हणाला की घाबरायचं कारण नाही, बाई फक्त नावाला लागते. आपल्या शालिकची बायको कोणाच्या अध्यात ना मध्यात, तिला उभी करू, कारभार शालिक करील, आणि शालिकला सल्ला द्यायला आपण आहोतच.

शालिग्राम फ्लेक्स काढायला चिखलीला गेला. कॉम्प्युटरवरच्या पोरानं सुचिताचा फोटो उघडला आणि सराईतपणे विचारलं, किती गोरं करायचं. शालिग्राम म्हणाला, होईल तेवढं. फ्लेक्स थांब्यावर लागला. त्यावर शालिग्राम हात जोडून कमरेपर्यंत, भागवत आणि मंडळी छातीपर्यंत, आणि कोपऱ्यात अंड्याएवढ्या गोलात एक गोरीपान बाई. सुचिता शेतातून येताना फ्लेक्सपुढे थांबली. बराच वेळ पाहून तिनं नवऱ्याला विचारलं,

"हे बाई कोन व्हय? निवडून आली त हिले कामाले कुठून आनसान?"

शालिग्राम फ्लेक्सची दोरी घट्ट बांधायला लागला. पण बाई निवडून आली. गावातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना न सांगता मतं दिली, एवढंच नंतर कळलं.

सुरुवातीला सारं ठरल्याप्रमाणे चाललं. ग्रामपंचायतीच्या कचेरीत खुर्चीवर शालिग्राम बसे. सुचिता घरी पोळ्या करता करता पिठाच्या हातानं सह्या करी. गावात त्याला 'सरपंचसाहेब' म्हणत आणि तिला 'सरपंचसाहेबाची बायको'. पण सुचिताला एक वाईट खोड होती. सही करण्याआधी ती वाचायची. वाचताना अक्षरं दिसेनात म्हणून तिनं बुलढाण्याला जाऊन चष्मा केला. सरपंचांच्या प्रशिक्षणाला जाऊन आली. आणि एका मंगळवारी, काही न सांगता, कचेरीत येऊन खुर्चीजवळ उभी राहिली.

खुर्चीवर शालिग्राम. समोर ग्रामसेवक, भागवत आणि दोन सदस्य. सुचिता नुसती उभी राहिली, चष्मा लावून. ग्रामसेवक बंद पंख्याकडे असा निरखून पाहू लागला की जणू तो आत्ता फिरेल.

"उठता का?" सुचिता म्हणाली. आवाजात राग नव्हता. एसटीत आपल्या सीटवर बसलेल्या माणसाला तिकीट दाखवून म्हणावं, तसा स्वर.

शालिग्राम उठला. उठताना त्याच्या पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. छातीत धडधडलं, कानाच्या पाळ्या तापल्या. भागवतनं त्याच्याकडे पाहून निदान केलं की हे पित्त आहे. अपमानानं पित्त खवळतं.

शालिग्रामलाही ते पटलं. तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदाच प्रेमात पडत होता, त्याला लक्षणं कुठून माहीत असणार? सकाळी कोकम पिऊ लागला. वांग्याची भाजी बंद केली, म्हणजे स्वतः पिकवलेली वांगी गावाला खाऊ घालून स्वतः वरण-भात. पण पित्त हटेना. त्याला वेळकाळ नव्हता, पथ्य नव्हतं. सुचिता पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला "पाइप जमिनीत किती खोल टाकला ते मले खांदून दाखवा" म्हणाली, पित्त. सुचितानं पेनाची शाई लागलेलं बोट पदराला पुसलं, पित्त. उन्हात खडीच्या ढिगावर उभी राहून ती ट्रॅक्टरवाल्याला मागे घ्यायला सांगत होती, तेव्हा तर इतकं वाढलं की शालिग्राम बाभळीला टेकला. शेवटी तो चिखलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी विचारलं, कधी होतं? शालिग्राम प्रामाणिक माणूस. म्हणाला, बायको चष्मा लावते तेव्हा.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. औषध काही लिहिलं नाही. हे असंच चालू द्या म्हणाले, आणि वांगी खायला हरकत नाही.

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये, मक्याच्या पोत्यावर बसल्या बसल्या, शालिग्रामला पहिल्यांदा शंका आली. तो स्वतःवरच चकित झाला. कारण गावाच्या शाळेत चष्म्याला कधी कोणी मार्क दिले नव्हते. सावळ्या रंगाला नव्हते, उंच आवाजाला नव्हते, वर केलेल्या मानेला तर उलट कापले होते. ज्या ज्या गोष्टींनी आपल्या काळजाचा ठोका चुकतो आहे त्या सगळ्या नापासांच्या रांगेतल्या, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि देऊळगाव राजाच्या त्या बैठकीत, पोरीनं मान वर केली तेव्हा, काकानं कपाळाला आठी घालण्याच्या आधीचा एक क्षण त्याला आठवला. त्या क्षणी त्याला ती मान आवडली होती. मग त्यानं काकाच्या कपाळाकडे पाहिलं होतं, आणि आवडणं बंद केलं होतं.

घरी त्याच्यात बारीकसारीक बदल दिसू लागले. एका रात्री तो म्हणाला, दिवा राहू दे. सुचितानं विचारलं काऊन, तर त्याला सांगता येईना की तुझं तोंड पाहायचं आहे. बिल येतं म्हणून तिनं बटण दाबलं. पण अंधारात ती हसल्याचा त्याला भास झाला, आणि तेवढ्यावर त्यानं पूर्ण आठवडा काढला.

आता पेच असा की ज्या बाईवर जीव जडला, तिच्या डोळ्यांत आपण कोण आहोत? हा प्रश्न बावीस वर्षांत पडला नव्हता. नवरा म्हणजे नवरा, तो आवडायचा असतो की काय! पण आता शालिग्रामला ते कळायलाच हवं होतं, आणि तेवढ्यात मध्ये ओटा आला.

शालिग्रामच्या दारात एक ओटा होता. मजबूत, शहाबादी फरशीचा, वर पत्रा टाकलेला. तो त्यानं स्वतःच्या हातानं बांधला होता आणि बरोबर गावाच्या नालीवर बांधला होता. संध्याकाळी भागवत आणि मंडळी तिथे बसून गावाचा आणि देशाचा कारभार पाहत. ओट्याखाली नाली तुंबे, आणि पावसाळ्यात सगळं घाण पाणी वळून अंगणवाडीच्या अंगणात शिरे. लेकरं बाकावर पाय वर घेऊन कविता म्हणत. सुचितानं नाली मोकळी करायचं काढलं तेव्हा गाव एका तोंडानं म्हणालं की आधी सरपंचाच्या दारातून सुरुवात करा. ओटे तर भागवतचा धरून अनेकांचे होते.

मंडळी शालिग्रामच्या ओट्यावरच जमली. ओटा गेला तर बसायचं कुठे हा प्रश्न सगळ्यांचाच होता. भागवतनं त्यावर असा कायदेशीर तोडगा काढला की खुद्द त्यालाच आपलं कौतुक वाटलं.

"हे पाहा बे," तो म्हणाला, "अतिक्रमण कोनाचं हाय, हे सरपंचाईले सभेत सोताच्या तोंडानं सांगाव लागते. ग्रामसेवक वाचाले लागला त आपन हरकत घ्यायची. आता मले सांग शालिक, वैनी तुयं नाव घेइन?"

सगळे हसले. प्रश्नच नव्हता. उंबरदरीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं की घेतलं. सुचितानंही तेव्हा घेतलं होतं, पण बाहेर बँड वाजत असल्यामुळे ते शालिग्रामला नीट ऐकूही आलं नव्हतं. त्यानंतर "अहो" आणि "छकुलीचे बाबा". रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर सुचिता शेजारणीला कोपरानं ढोसे आणि शेजारीण सांगे. एकटी असली तर आधार कार्ड पुढे करी. घरी देव्हाऱ्यात शाळिग्राम होता, त्या दगडालासुद्धा ती 'गोल देव' म्हणायची. सासू जनकाबाईंचं तर याहून कडक. त्यांच्या नवऱ्याचं नाव तुळशीराम. ते वारून कितीतरी वर्षं झाली, तरी त्या दारातल्या तुळशीला 'हिरवी माय' म्हणत.

शालिग्रामही मंडळींबरोबर हसला. पण हसताना त्याच्या मनात भलतंच काहीतरी आलं. सुचिताच्या तोंडून आपलं नाव कसं ऐकू येईल, याचा तो विचार करू लागला होता.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी सुचिता चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिनं विषय काढला. ओटा तुम्हीच काढून टाका, म्हणजे सभेत तो विषयच येणार नाही, असं तिचं म्हणणं. शालिग्राम पाहू म्हणाला. पाहू म्हणजे नाही, हे बावीस वर्षांच्या संसारात कोणालाही कळतं.

"पाहा मंग," ती भाकरी उलटत म्हणाली. "मले नाव घ्या लागन. आईचं मन दुखन, गाव हासन. तुमाले चालते का?"

शालिग्राम उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. इकडे मित्र, पत, स्वतःच्या हातानं घातलेली फरशी. तिकडे ती. ओटा काढला तर मंडळी त्याला बायकोचा बैल म्हणणार होती, आणि उंबरदरीत बैल म्हणून मिळालेलं नाव नातवापर्यंत चालतं. नाही काढला तर सुचिता एकतर सर्वांसमोर हरणार होती, नाहीतर नाव घेऊन गावाच्या तोंडी येणार होती. त्याला काहीच ठरवता येईना. त्यानं आयुष्यात ठरवलंच कधी होतं!

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला धरून. जनकाबाई पुढेच होत्या. सुचितानं पहिला विषय घेतला, अंगणवाडीतलं पाणी. मग नालीवरची अतिक्रमणं. ग्रामसेवक तिची अडचण ओळखून कागद घेऊन उठला, तशी भागवतनं हरकत घेतली. कायद्यानं सरपंचांनीच सांगावं. मागून दोघातिघांनी री ओढली.

सुचिता उभी राहिली. तिनं चष्मा लावला. बांगड्या मागे सारल्या. सासूकडे एकदा पाहिलं. व्हरांड्यात असं शांत झालं की बाहेर झेंड्याची दोरी खांबावर आपटल्याचं ऐकू येऊ लागलं. भागवतनं शालिग्रामच्या मांडीवर थाप मारली.

"शालिग्राम तुळशीराम सोनुने," सुचिता म्हणाली.

स्वच्छ, सावकाश, प्रत्येक अक्षर वाफ्यात रोप लावावं तसं वेगळं.

"याईचा ओटा नालीवर हाय. त्याच्यानं लेकरं घान पान्यात बसून राह्यले. ओटा काढावा. त्याईचं काही म्हननं असन त उभं राहून सांगावं."

शालिग्राम उभा राहिला. त्याला शाळेत मास्तरांनी नावानं हाका मारल्या होत्या, तलाठ्यानं मारल्या होत्या, बाजारात आडत्यानं मारल्या होत्या. पण हे नाव आपलं आहे आणि ते इतकं देखणं आहे, हे त्याला आज कळत होतं. चारचौघांत, काही न लपवता, त्याच्या डोळ्यांत सरळ पाहून त्या बाईनं त्याला हाक मारली होती. ओटा, पत, बैल, सगळं कुठल्या कुठे गेलं. सभेला वाटलं, आता हा भडकणार. भागवत तर सरसावून बसला.

"सरपंचबाई," शालिग्राम हात जोडून म्हणाला. "पुन्यांदा एकडाव म्हना ना."

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग बायकांच्या बाजूनं जो हशा फुटला तो झेंड्यापर्यंत गेला. हसता हसता बायका एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. सुचिताचा सावळा चेहरा तांबूस झाला, पण ती सरपंच होती.

"सभेत एकदाच सांगन्यात येते," ती म्हणाली. "मंजूर हाय का नाई ते बोला."

"मंजूर हाय. आजच काढतो."

मग सगळ्यांचं लक्ष जनकाबाईंकडे गेलं. सुनेनं नवऱ्याचंच नाही तर सासऱ्याचंही नाव भर सभेत घेतलं होतं. म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली होती. सुचिता जवळ गेली आणि चुकलं का म्हणून विचारू लागली. म्हातारीनं तिचा हात धरला.

"किती सालानं त्याईचं नाव कानावर पडलं वं माय," ती म्हणाली. "घरात कोनी घेतच नाई. मी त इसरूनच जाऊन राह्यली व्हती."

दुपारी शालिग्रामनं लोखंडी सब्बल घेतली आणि ओटा फोडायला लागला. फरशी त्यानंच घातलेली, त्यामुळे फुटायला फार त्रास देत होती. मंडळी लांब उभी राहून पाहत होती, घर जळताना पाहावं तसं. भागवतनं बैलाचा विषय काढून पाहिला, पण शालिग्राम इतक्या आनंदात घाव घालत होता की टोमणा लागेल अशी जागाच त्याच्या अंगावर उरली नव्हती. पाणी मोकळं होऊन नालीतून पळालं तेव्हा सुचिता चहा घेऊन आली आणि फुटक्या फरशीच्या ढिगावर बसली. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, नवऱ्याशेजारी. शालिग्रामनं चहाचा घोट घेतला आणि बावीस वर्षांत केलं नव्हतं ते धाडस केलं.

"मले तू लय आवडून राह्यली," तो चहाकडे पाहत म्हणाला.

"कवापासून?"

"खुर्चीवरून उठवलं तवापासून. मले पित्त वाटलं व्हतं."

सुचिता खूप हसली. मग तिनं सांगितलं ते शालिग्रामला सर्वस्वी नवं होतं. देऊळगाव राजाला तिच्या मैत्रिणींनीही असंच ठरवून ठेवलं होतं, कोणता नवरा आवडायचा ते. नोकरीवाला. निदान कंडक्टर. जालन्याच्या गाडीवरचा एक कंडक्टर साऱ्या वर्गाला आवडायचा, म्हणून तिलाही आवडे; त्याचं तोंड तिनं नीट पाहिलंही नव्हतं, नुसती ती चामड्याची बॅग. वांगीवाला आला तेव्हा ती आईजवळ रडली होती.

शालिग्रामनं कप खाली ठेवला. विचारावं की नको, असं त्याला झालं. पण न विचारता राहवेना.

"आन् आता?"

"तुमी खुर्चीवरून उठले ना," ती म्हणाली, "तवा मले तुमी पह्यल्यांदा दिसले. कोनाचा नवरा असा उठते? मले वाटलं व्हतं भांडसान. घरी येऊन मी एकटीच हासत व्हती."

म्हणजे तिलाही त्याच दिवशी, त्याच खुर्चीपाशी, काहीतरी झालं होतं. फक्त तिनं कोकम प्यायलं नाही. शालिग्रामला कोणाचे आभार मानावेत ते सुचेना. देवाचे मानावेत तर देवानं बावीस वर्षं काहीच केलं नव्हतं. त्यानं मनातल्या मनात सरकारचे मानले. सरकारचे असे मनापासून आभार मानणारा माणूस त्या वर्षी जिल्ह्यात दुसरा नसावा. कोणा अनोळखी माणसांनी दिल्लीत बसून बायकांना खुर्ची द्यायचा कायदा केला, आणि त्यांच्या स्वप्नातही नसेल असा लाभ उंबरदरीच्या एका वांगीवाल्याला झाला.

गावात पुढे जे घडलं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. पुढच्या सभेत भागवतच्या ओट्याचा विषय निघाला, तेव्हा सरपंचांनी विचारायच्या आत त्याची बायको पुष्पाबाई भिंतीजवळून उठली आणि "भागवत" असं एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली की भागवतच्या हातातली सुपारी खाली पडली. कानापर्यंत लाल झाला तो. ओटा त्याच आठवड्यात काढला. आता ग्रामसभेला पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून येतात. काहीजण केसही विंचरतात. कारण विचारलं तर पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी म्हणतात, पण अधल्यामधल्या सभेलाही विंचरतात.

सरपंचाच्या नवऱ्यानं कचेरीत बसायचं नाही, हा नियम सुचितानंच घातला. शालिग्राम तो काटेकोर पाळतो. कामकाज संपायच्या सुमारास मोटारसायकल घेऊन बाहेर निंबाखाली थांबतो. खिडकीतून तिचा आवाज येत असतो. कोणाला तरी कागद पुन्हा लिहून आणायला सांगत असते. तो नव्या सिनेमाचं गाणं लागल्यासारखा ऐकतो. ही पाच वर्षं संपतील, पुन्हा सोडत निघेल, खुर्ची दुसऱ्या कोणाकडे जाईल, हे त्याला माहीत आहे. सुरुवातीला त्याची त्याला भीती वाटायची, की खुर्ची गेली तर हेही जाईल. एकदा सुचिता घरात चष्मा न लावता, साध्या जुनेरात, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती, आणि त्याला पुन्हा तसंच झालं. तेव्हापासून तो निर्धास्त आहे.

परवा ती बाहेर आली, फाइल मांडीवर घेऊन मागे बसली. शालिग्रामनं गाडी घराकडे न वळवता शाळेमागच्या रस्त्याला घातली. तो रस्ता तळ्यावरून जातो आणि फार फिरून घरी येतो.

"इकडून काऊन?" सुचितानं विचारलं.

"नाली पाह्याची हाय."

"नाली तिकडं हाय."

शालिग्रामनं गाडी तशीच पुढे घेतली. तळ्यावर बगळे उतरत होते, हरभऱ्याला पाणी सुटलं होतं. मागून येणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. सुचितानं फाइल नीट धरली आणि मोकळा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"हळू चालवा," ती म्हणाली. "मले घाई नाई."